पुनर्वसन म्हणजे फक्त घर नव्हे : आपत्ती आणि फिजिओथेरपिस्ट



आपल्या मुळशी तालुक्यात 'पुनर्वसन' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९२१ साली इथे धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. त्याच लढ्यातून पांडुरंग महादेव बापट 'सेनापती बापट' झाले. धरण झालंच आणि गावं पाण्याखाली गेली. तेव्हापासून नेऱ्यात काय किंवा मारुंजीत काय, पुनर्वसन म्हटलं की ज्याची जमीन गेली त्याला जमीन आणि ज्याचं घर गेलं त्याला घर, एवढंच डोळ्यासमोर येतं.

डॉक्टरांच्या भाषेत याच शब्दाला दुसरा अर्थ आहे. अपघातात किंवा आपत्तीत जखमी झालेल्या माणसाला त्याचं चालणं, बसणं, उठणं आणि कामावर जाणं शक्य तेवढं परत मिळवून देणं म्हणजे शरीराचं पुनर्वसन. हे काम प्रामुख्याने ज्यांच्या हातात असतं, त्यात फिजिओथेरपिस्ट पुढे असतात. भूकंप, पूर, दरड, आग अशा बातम्यांत आपल्याला जवान दिसतात, रुग्णवाहिका दिसतात, डॉक्टर आणि नर्स दिसतात. फिजिओथेरपिस्ट सहसा दिसत नाहीत. पण हा व्यवसाय मोठा झाला तोच आपत्तींमुळे, आणि त्यातला बराचसा इतिहास आपल्या पुणे-मुंबईत घडला. आज तोच सांगणार आहे.

आधी माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका बांधकामावर पडलेला एक मजूर माझ्याकडे आला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, शहरात ऑपरेशन झालं होतं, रॉड व्यवस्थित बसला होता. टाके बघितले, गोळ्या लिहिल्या आणि कागदाच्या शेवटी मी 'फिजिओथेरपी घ्यावी' असं लिहिलं. त्याने विचारलं, "म्हणजे मालिश का डॉक्टर?" गर्दी होती. "हो, तसंच काहीतरी, घ्या करून," असं म्हणून मी पुढच्या पेशंटला बोलावलं.

चार महिन्यांनी तो परत आला. एक्स-रे उत्तम. हाड जुळलेलं. पण गुडघा जेमतेम थोडासाच वाकत होता. जिना चढता येईना, उकिडवं बसता येईना, परातीवर चढणं तर दूरच. हाड जुळलं, पण रोजी गेली. त्याला गावातल्या कुणीतरी तेलाने मालिश करून दिली होती. दोष त्याचा नव्हता, मी सांगितलंच तसं होतं.

एका माणसाच्या बाबतीत हे झालं. आता कल्पना करा की एकाच रात्री असे हजारो लोक जखमी झाले आहेत. आपत्तीत नेमकं तेच होतं.

'मालिश का डॉक्टर?' या प्रश्नाला इतिहास आहे

त्या मजुराचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मिळून प्रशिक्षित मालिशकारांची एक संस्था काढली. आजच्या ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेचं मूळ तिथे आहे. सुरुवात मालिशेपासूनच झाली. पण १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि हात-पाय गमावलेले, सांधे आखडलेले, नसा तुटलेले सैनिक एवढ्या संख्येने परत येऊ लागले की नुसत्या मालिशेने भागेना. व्यायाम, चालण्याचं प्रशिक्षण, विजेचे उपचार, कृत्रिम अवयव वापरायला शिकवणं हे सगळं त्यात आलं.

त्या युद्धात भारतीय सैनिकही मोठ्या संख्येने लढले होते. अपंग होऊन परतलेल्या सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झालं. लेडी विलिंग्डन यांनी त्यात पुढाकार घेतला होता. पुढे ही संस्था खडकीला आली आणि आजही तिथे आहे. भर होता तो हातात कसब देण्यावर, म्हणजे माणूस घरी परतला तर कमावता परतला पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार आजही जुना झालेला नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. वानवडीचं 'लिंब सेंटर' म्हणून तुम्ही ते ऐकलं असेल. सैनिकांसाठी निघालेलं हे केंद्र नंतर नागरिकांच्याही उपयोगाला आलं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. तोपर्यंत मज्जारज्जू तुटला म्हणजे माणूस संपला, असंच धरून चालत. हे रुग्ण मज्जारज्जूच्या इजेने मरत नसत. पडून राहिल्याने पाठीला होणाऱ्या जखमा आणि लघवीतला जंतुसंसर्ग त्यांचा जीव घेत असे. गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायचा नियम केला, दिवस असो वा रात्र. शिवाय व्यायाम, खेळ आणि काम यांची सवय लावली. १९४८ मध्ये त्यांनी १६ अपंग सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचा उगम तिथला.

आणि या गोष्टीचा पुढचा धागा थेट सांगली जिल्ह्यात येतो. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचारांचा भाग म्हणून ते पोहायला लागले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. सगळ्यांनाच सुवर्णपदक मिळत नाही, हे खरं. पण खाटेवरून पाण्यापर्यंत जाण्याचा रस्ता व्यायामोपचारातून जातो, हे लक्षात ठेवा.

पोलिओ : हळू चालणारी आपत्ती

आपत्ती म्हणजे फक्त जमीन हलणं नव्हे. साथ हीसुद्धा आपत्तीच. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत पोलिओने अनेक मुलांचे पाय निकामी होत होते. फातिमा इस्माईल या स्वातंत्र्यसैनिक बाईंच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मद्रासला नेऊन कित्येक महिने उपचार आणि व्यायाम केल्यावर ती मुलगी चालू लागली. परत आल्यावर बाईंनी इतर मुलांसाठी १९४७ मध्ये चौपाटी भागात एक दवाखाना सुरू केला. हाजीअलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय त्यातूनच पुढे उभं राहिलं.

पण व्यायाम शिकवणार कोण? प्रशिक्षित माणसंच नव्हती. म्हणून १९५२-५३ च्या सुमारास केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा काढली. देशातली ती पहिली मानली जाते. १९५५ मध्ये हाजीअलीलाच केंद्र सरकारची भौतिकोपचार व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. म्हणजे बघा, आपल्याकडे हे शिक्षण सुरू झालं ते एका साथीमुळे.

किल्लारी

आता त्या रात्रीकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जमीन हादरली. तीव्रता ६.२ च्या आसपास. जगाच्या मानाने हा फार मोठा भूकंप नव्हता. पण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली आणि हजारो जखमी झाली.

असा भार अंगावर पडला की शरीराचं काय होतं? हात-पायांची हाडं मोडतात, कधी एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी. ओटीपोटाची हाडं मोडतात. मणका मोडून मज्जारज्जू दबला तर कमरेखालची हालचाल आणि संवेदना जाते. तासन् तास दबलेले स्नायू मरतात आणि कधी पाय कापावा लागतो. डोक्याला मार लागतो.

किल्लारीत लष्कर आलं, स्वयंसेवक आले, सोलापूर-लातूरच्या रुग्णालयांत डॉक्टर रात्रंदिवस उभे राहिले. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली. घरांचं पुनर्वसन झालं, शिक्षणाचं झालं. पण मोडलेला गुडघा पुन्हा वाकवायला, तुटलेल्या पायाचा उरलेला भाग कृत्रिम पायासाठी तयार करायला जी माणसं लागतात, ती त्या काळात बहुतेक मोठ्या शहरांतच होती. उमरगा-औसा भागातल्या शेतकऱ्याने टाके निघाल्यावर पुढचे सहा महिने कुठे जायचं होतं? घर पडलं त्याची यादी झाली, घर बांधलं गेलं की त्या यादीवर खूण झाली. आखडलेल्या गुडघ्याची यादी मात्र कोण करतं?

आपल्या जिल्ह्यालाही अशा आठवणी आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहती झाल्या. पुणेकर पुनर्वसन मोजतो ते अशा वसाहतींच्या नावांनी. शरीराच्या पुनर्वसनाला असं नाव नसतं, म्हणून ते विसरलं जातं.

प्रत्येक आपत्तीची जखम वेगळी

इथे एक गोष्ट समजून घ्या. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर आला. १५१ जण गेले, वाचलेले अगदी मोजके. दरडीत बहुतेक असंच होतं, माणूस एक तर वाचतो किंवा जातो. भूकंपात उलट असतं. जेवढे जातात त्याहून जास्त माणसं जखमी होऊन उरतात.

पुरात मोठ्या जखमा कमी होतात, पण आधीपासून अंथरुणाला खिळलेल्यांचे हाल होतात. पक्षाघाताच्या रुग्णाचा व्यायाम थांबतो, वॉकर वाहून जातो, छावणीत जमिनीवरून उठता येत नाही.

आगीत त्वचा भाजते आणि भरताना आक्रसते. ७ जून २०२१ ला आपल्याच तालुक्यात, पिरंगुटजवळच्या उरवड्यात, रासायनिक कारखान्याला आग लागून १७ कामगारांचा जीव गेला. अशा आगीतून जे भाजून वाचतात, त्यांच्याबाबत एक नियम कायम लक्षात ठेवा : ज्या स्थितीत आराम वाटतो, त्याच स्थितीत सांधा आखडतो. मान भाजली की रुग्ण हनुवटी छातीशी टेकवून झोपतो, कोपर भाजलं की हात दुमडून ठेवतो. फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवसापासून मान आणि हात सरळ राहतील अशी व्यवस्था करतात. रुग्णाला ते नकोसं वाटतं, नातेवाइकांना निर्दयपणा वाटतो. पण तो त्याचा पुढचा घास त्याच्याच हाताने तोंडात जावा म्हणून असतो.

मग जगाने नियम केले

२६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला, दीड लाखाहून जास्त माणसं जखमी झाली. ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीरच्या भूकंपात पाकिस्तानच्या बाजूला सहाशेहून जास्त लोकांच्या मज्जारज्जूला इजा झाली. १२ जानेवारी २०१० ला हैती हादरलं. परदेशी पथकं आली, ऑपरेशनं झाली, पाय कापले गेले आणि बरीच पथकं परत गेली. कापलेल्या पायाचं पुढे काय, हा प्रश्न मागे राहिला.

या अनुभवांतून विचार बदलला. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपत्तीत जाणाऱ्या वैद्यकीय पथकांसाठी पुनर्वसनाचे किमान निकष जाहीर केले. ऑपरेशन करून रुग्ण दाखल करून घेणाऱ्या पथकात दर २० खाटांमागे किमान एक पुनर्वसन तज्ज्ञ हवा, असं त्यात आहे. फिजिओथेरपिस्टांच्या जागतिक संघटनेनेही त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापनातल्या आपल्या भूमिकेवर सविस्तर अहवाल काढला. थोडक्यात सांगायचं तर, फिजिओथेरपिस्टला महिन्याभराने बोलवायचं नसतं. त्याने पहिल्या पथकातच जायचं असतं.

हे का, ते २०२० मध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं. ९ मार्चला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले. त्यानंतर आयसीयूत पालथं झोपवणं, श्वासाचे व्यायाम, कफ काढणं, व्हेंटिलेटरवरून सुटलेल्या माणसाला पुन्हा दहा पावलं चालवणं यात फिजिओथेरपिस्ट पीपीई किट घालून उभे होते. त्याचे फोटो फारसे छापून आले नाहीत.

ते नक्की करतात तरी काय?

*पहिले काही दिवस :* छातीत कफ साचू नये म्हणून श्वासाचे व्यायाम. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणं. पाऊल खाली लोंबकळून आखडू नये म्हणून आधार. स्प्लिंट, कुबड्या, वॉकर योग्य मापाचे देणं. आपत्तीत खाटा कमी असतात. रुग्ण लवकर आणि सुरक्षितपणे उभा राहिला तर पुढच्या जखमीला खाट मिळते, हाही मोठा फायदा.

*पुढचे काही आठवडे :* सांधे मोकळे करणं, स्नायूंत ताकद आणणं. पाय कापलेल्या रुग्णाला उरलेल्या भागाखाली उशी घेऊ न देणं, रोज थोडा वेळ पालथं झोपवणं. उशी घेतली तर खुबा वाकलेलाच आखडतो आणि मग कृत्रिम पाय नीट बसत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरच्या एका माणसाला हे सगळं शिकवणं.

*पुढचे महिने :* शेतात, कारखान्यात, स्वयंपाकघरात परत कसं जायचं ते ठरवणं. संडासाला आधाराची दांडी, घराला उतार, कामात बदल. आणि रुग्ण येणं थांबला तर त्याचा पाठपुरावा.

*आपत्तीच्या आधी :* गावात चालता न येणारी, अंथरुणाला खिळलेली माणसं कोण, कुठल्या घरात, त्यांना उचलून कुणी न्यायचं याची यादी करणं. हे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

नेऱ्यात बसून आपण काय करायचं?

एनडीआरएफची पाचवी बटालियन आपल्या जिल्ह्यातच, मावळातल्या सुदुंबऱ्याला आहे. तरी पहिला अर्धा तास शेजारीच मदतीला असतो. आपल्याभोवती बांधकामं वाढली आहेत, हिंजवडीकडे जाणारी वर्दळ वाढली आहे. म्हणून एवढं लक्षात ठेवा :

१. उंचावरून पडलेल्या किंवा ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसाला ओढून बसवू नका, हात-पाय धरून झोळीसारखं उचलू नका. आग किंवा पडझडीचा धोका नसेल तर आहे तिथेच ठेवा आणि १०८ ला फोन करा.

२. हलवावंच लागलं तर चार-पाच जणांनी, डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, सपाट फळीवर घ्या. मोडलेला मणका वाकला तर धडधाकट पाय कायमचे जाऊ शकतात.

३. डिस्चार्ज घेताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : व्यायाम कधी सुरू करायचा? पायावर किती वजन द्यायचं? कोणती हालचाल करायची नाही?

४. 'हाड जुळेपर्यंत अजिबात हलवायचं नाही' हे स्वतःच ठरवू नका. न मोडलेले सांधे हलवायला बहुतेक वेळा लगेच परवानगी असते.

५. ताज्या फ्रॅक्चरवर किंवा ऑपरेशनच्या जागी जोराची मालिश करून घेऊ नका.

६. फिजिओथेरपिस्ट बीपीटी पदवीधर आहे का, महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

७. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. गुटमन यांचा हा नियम घरातही तसाच लागू होतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

त्या मजुराचं पुढे काय झालं, ते सांगतो. त्याला मी एका फिजिओथेरपिस्टकडे स्वतः फोन करून पाठवलं. गुडघा बराच सुटला, पण पूर्ण नाही. तो आता साइटवर स्टोअर सांभाळतो. पहिल्याच दिवशी दोन मिनिटं जास्त बोललो असतो, तर कदाचित तो आज परातीवर असता. त्यानंतर मी कागदावर नुसतं 'फिजिओथेरपी घ्यावी' असं लिहीत नाही. कोणता सांधा, कोणता व्यायाम, कधीपासून, ते लिहितो आणि घरच्या माणसाला समोर बसवून सांगतो. तुमच्या कागदावर तसं लिहिलेलं नसेल, तर तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. माझ्याकडे आलात, तर मलाही विचारा.